उन्हाचा कोपरा

१

शेजारची चाळ पाडली आणि मेघना सोनावणेच्या बागेत पहिल्यांदा ऊन आलं.

ठाकुर्लीत, स्टेशनपासून जरा आत, जुन्या बैठ्या घरांची एक रांग अजून शिल्लक होती. त्यातलं शेवटचं घर तिचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी आणि पडवीपुढे मातीचा तुकडा. त्याला बाग म्हणायची सवय तिच्या नवऱ्याची. रत्नदीप ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून घरी आला की हातपाय धुवायच्या आधी बागेत शिरायचा. पण दक्षिणेला तीन मजली चाळ उभी. पलीकडचा कोपरा वर्षभर अंधारलेला, ओलसर. तिथे त्याने नेचे लावले, अळू लावलं, मनी प्लँट चढवला. "कधी ऊन आलं ना, तर इथे फुलांचं झाड लावू," असं म्हणायचा. ती हसायची. "चाळ काय तुमच्यासाठी बाजूला सरकणार आहे?"

तो जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर चाळ गेली. टॉवर उठणार होता, पण भाडेकरूंचं आणि बिल्डरचं काहीतरी बिनसलं, काम थांबलं. रिकाम्या प्लॉटभोवती निळे पत्रे तेवढे उभे राहिले. आणि त्या पत्र्यांवरून ऊन थेट कोपऱ्यात उतरलं. नेचे आठवड्याभरात करपले. अळवाची पानं कागदासारखी झाली.

रविवारी सुमेधचा फोन आला. मुलगा घोडबंदर रोडला राहायचा, बायको कृतिका, दोघांच्या नोकऱ्या. फोन मात्र दर रविवारी न चुकता यायचा.

"कोपऱ्यात झाड लावायचं म्हणतेय," ती म्हणाली.

"लाव ना. तुझाही वेळ जाईल."

ते शेवटचं वाक्य तिला लागलं. पण ती "हो" म्हणाली, आणि जेवलास का, असं विचारलं.

२

मानपाडा रोडवरच्या नर्सरीत रघु नावाचा माणूस होता. बोलायला मोकळा, सारखा फोनवर, तरी गिऱ्हाईक तुटू न देणारा.

"मॅडम, कुठे लावायचंय?"

"घरासमोर. फार मोठं नको, कंपाउंडची भिंत जवळ आहे."

"मग गुलमोहर विसरा, मुळं भिंत उचलतात. बहावा घ्या. नाहीतर तामण. कांचनपण होईल. तो गुलाबी टॅबेबुया आजकाल सगळे नेतात."

"सीता-अशोक?" तिने विचारलं. रत्नदीपला ते झाड फार आवडायचं. विहाराच्या आवारात एक होतं, त्याच्या शेंदरी फुलांखाली तो उगाच उभा राहायचा.

"लहानपणी त्याला कडक ऊन सोसत नाही. तुमच्या जागेवर ऊन किती?"

"भरपूर."

"सगळे भरपूरच म्हणतात. मग झाड फुललं नाही की मला शिव्या. एक दिवस निवांत बसा आणि बघा. ऊन कुठून येतं, कुठे सरकतं, कुठे अडतं. मग या, झाड मी देतो."

तिला हे पटलं. डोंबिवलीच्या शाळेत तिने अख्खी नोकरी विज्ञान शिकवण्यात काढली होती. बघून मग ठरवायचं, हे ती मुलांना ओरडून ओरडून सांगायची. शिवाय दिवसभर बसून काहीतरी बघायचं आहे, या कल्पनेनेच तिला बरं वाटलं. परतताना रिक्षात ती मनात झाडं लावून बघत होती. बहाव्याचे पिवळे घोस. तामणीचे जांभळे तुरे.

३

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन तिने पडवीत वेताची खुर्ची ओढली.

सकाळी ऊन पत्र्यांच्या कडेवरून आलं, तगरीच्या झुडपावर पडलं, मग हळूहळू कोपऱ्यात पसरलं. मधूनच भाजी टाकायला ती आत गेली, पुन्हा येऊन बसली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा सगळी माती पांढरी दिसत होती. तगरीची सावली आक्रसून तिच्या बुंध्याशी गोळा झाली होती.

कोपऱ्याच्या मधोमध मात्र एक काळसर डाग होता.

पाइप फुटला असणार, असं तिला वाटलं. कॉर्पोरेशनची लाईन तिकडूनच जाते. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, जवळ जाऊन वाकली. माती कोरडी होती, भेगाळलेली. तिने हात टेकला. गार लागली. तिच्या हातातली बांगडी बाहेर असताना चमकत होती. हात डागात गेला तशी ती विझल्यासारखी झाली.

सावली होती ती. परातीएवढी.

मेघनाने मागे सरून वर पाहिलं. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं. निरभ्र आभाळ, सूर्य आणि बाकी काही नाही. तिने हाताचा आडोसा करून बोटाने रेषा धरली, मुलांना दाखवायची तशी. इथे सावली, तिकडे दिवा, मधे वस्तू हवीच. वायर नव्हती. मोबाइलचा टॉवर उत्तरेला, स्टेशनच्या बाजूला. बांधकामाची क्रेन तर कधीच काढून नेली होती.

ऊन कलतं झालं तशी ती सावलीही सरकली आणि लांबट झाली. झाडाची सरकते तशी, अगदी बरोबर.

४

माणूस अशा वेळी आधी स्वतःवर संशय घेतो. मेघनाने तेच केलं.

रामनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, काळजीचं कारण नाही, असं सांगून त्याने थेंब दिले. एका दुपारी तिने कोपऱ्याचा फोटो काढून सुमेधला पाठवला. खाली लिहिलं, सावली दिसते का? त्याचं उत्तर ऑफिस सुटल्यावर आलं. "कसली सावली? लख्ख ऊन आहे की. बहावा लाव." तिने फोटो मोठा करून पाहिला. खरंच, मातीचा कण न् कण उन्हात होता. फोन खाली ठेवून समोर पाहिलं तर सावली जागच्या जागी.

मग तिने एक कारण शोधून काढलं. इतकी वर्षं त्या कोपऱ्यावर चाळीची सावली पाहिली. डोळ्यांना सवय झालेली असते. तुटलेला दात जिभेला जाणवत राहतो, तसं काहीतरी. कारण बरं होतं. दोन दिवस तिने ते धरून ठेवलं.

पण चाळीची सावली चौकोनी होती, सरळ कडेची. ही गोल होती आणि तिच्या कडेला झालर होती, बारीक, दाट, पानापानांची असते तशी. एका दुपारी वारा पार पडला होता, तगरीचं पान हलत नव्हतं, आणि झालर मात्र हलत होती. हळू. थांबून थांबून.

आणि ती वाढत होती. परातीची चटई झाली. चटईची, बघता बघता, पंगत बसेल एवढी जागा झाली.

नर्सरीतून रघुचा फोन आला. "मॅडम, बघितलंत का ऊन?"

"बघतेय अजून," ती म्हणाली.

५

ठमाबाई कोपरकडच्या गावातली. डोक्यावर टोपली घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा गल्लीत यायची. वांगी, मुळा, चवळीची भाजी. वय झालेलं, तरी आवाज खणखणीत. त्या दिवशी फाटकातून आत आली आणि विचारायच्या आधीच टोपली उतरवून कोपऱ्यात बसली.

"काय गो बाय, बरी सावली परली हाय तुजे दारान. जरा बसतंय."

मेघना पडवीच्या पायरीवर खिळली. म्हणजे आहे. आपल्याला वेड लागलेलं नाही. तिला आनंदाने रडू फुटेल असं वाटलं.

"दिसतेय तुम्हाला? सावली?"

"दिसतंय म्हंजे? गार लागतंय ना." ठमाबाईने पदराने मान पुसली, वांगी वेचून बाजूला काढायला घेतली. "पानी दे गो थोरा."

मेघना आत जाऊन तांब्या भरून आली. ठमाबाई वांग्यांचा ढीग लावत होती आणि खाली बघतच बोलत होती, लोकलभाड्याबद्दल, सुनेबद्दल. बोलता बोलता म्हणाली, "कंचा झार गो यो?" आणि वर पाहिलं.

तिचं तोंड उघडं राहिलं. हातातलं वांगं मांडीवरून घरंगळलं. ती ओरडली नाही. खूप मोठ्या माणसासमोर चुकून पाय पसरून बसलेलं लक्षात यावं, तशी तिने लुगडं सावरलं, मान खाली घातली आणि बसल्या जागेवरून मागे मागे सरकत उन्हात आली. टोपली उचलली. वेचलेली वांगी तिथेच राहिली.

"ठमाबाई, काय झालं? काय दिसलं?"

ती फाटकापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. मेघनाकडे तिने पाहिलं ते फार मायेने पाहिलं, त्याचीच मेघनाला नंतर जास्त भीती वाटली.

"बाय, त्यो झार नाय."

"मग काय आहे?"

"तू वर नको बगू. पोराकरं जा ऱ्हायला."

त्यानंतर ती त्या गल्लीत आली नाही. एकदा बाजारात दिसली. मेघनाने हाक मारली तर तिने आपली टोपली उचलली आणि माणसांत मिसळून गेली.

६

पोराकडे जायचं तर पोराने बोलवायला हवं. सुमेध वाईट मुलगा नव्हता. पण घोडबंदरच्या त्या घरात दोनच खोल्या होत्या, आणि "आई, तू इकडेच ये आता" हे वाक्य दोन वर्षांत फोनवर कधी आलं नव्हतं. आपण होऊन मागायचं तर काय सांगून मागायचं? बागेत सावली पडते म्हणून?

मेघना घरातच बसू लागली. पडवीचं दार लोटून घ्यायची. सावली आता पडवीच्या पायरीला लागली होती. खरं तर भर दुपारी तिने तिथवर यायला नको होतं. सूर्य कुठेही असो, ती घराकडेच कललेली असायची.

एकदा ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. खिडकीतून ओट्यावर पडलेलं ऊन हळूच मावळलं. तिने लाटणं ठेवलं आणि पुढच्या खोलीत आली. तिथली खिडकी अंधारली. मागे वळून पाहिलं, तर ओट्यावर ऊन परत आलं होतं.

ती खाटेवर बसून राहिली. पंख्याचा आवाज, लांबून गाड्यांचा आवाज, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी. सगळं रोजचं. आपण किती दिवसांत कोणाशी बोललो नाही, हे तिच्या त्या वेळी लक्षात आलं. आणि तिने एक गोष्ट केली जी नंतर तिला कोणालाच सांगता आली नसती. ताट वाढून घेतलं, खिडकीपाशी बसली आणि जेवता जेवता मोठ्याने बोलू लागली.

"तामण लावायची की बहावा, तेच कळत नाही," ती म्हणाली. "त्यांना अशोक हवा होता. पण उन्हात टिकत नाही म्हणतात."

खिडकीच्या काचेवर झालर हलत होती ती थांबली.

"शेवटी शेवटी ते बोलायचेच नाहीत. मी समोर बसायची. त्यांना ओळख होती की नाही, कुणास ठाऊक."

झालर स्थिर होती. कोणीतरी श्वास धरून ऐकावं तशी. मेघनाच्या हातातला घास तसाच राहिला. इतकं लक्ष देऊन तिचं बोलणं रत्नदीप गेल्यापासून कोणी ऐकलं नव्हतं. भीतीने तिच्या अंगावर काटा आला होता, आणि तरी ती आणखी बरंच बोलली. ताटातलं अन्न गार होऊन वाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायची ती वाट बघत होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिने सुमेधला फोन केला. रविवार नव्हता.

"एकदा येऊन जा रे."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. ये नुसता."

७

तो शनिवारी आला, एकटाच, गाडी घेऊन. डिकीतून तामणीचं रोप बाहेर काढलं. त्याच्या कमरेएवढं उंच, काळ्या पिशवीत.

"सरप्राइज! तुझं ठरतच नव्हतं ना, म्हणून मीच घेऊन आलेलो. तो नर्सरीवाला तुला ओळखतो. म्हणाला, मॅडम महिना झाला ऊनच बघतायत." तो हसला. केस पुढून विरळ झाले होते, बापासारखेच. मेघना बघत राहिली. तिला त्याला घरात न्यायचं होतं, दार लावायचं होतं, सगळं सांगायचं होतं.

"आधी आत चल. चहा घे."

"अगं, खड्डा खणून घेतो, मग निवांत बसू. जेवूनच जाणारे मी. बाबांची कुदळ कुठेय?"

"आत्ता नको. संध्याकाळी लाव."

"संध्याकाळी निघायचंय मला. दहा मिनिटांचं काम आहे."

कुदळ त्याला मोरीमागे सापडली. तो कोपऱ्यात गेला आणि खणू लागला. बाग उन्हाने पेटली होती. सावली त्या वेळी पडवीवर होती, मेघनाच्या पायांवर. कुदळीचा पहिला घाव मातीत बसला आणि तिच्या पायांना ऊन लागलं.

सावली पायरी उतरून गेली. घाई नव्हती तिला. तगरीवरून, करपलेल्या अळवावरून ती सुमेधकडे गेली आणि त्याच्या पाठीवर चढली. त्याची स्वतःची सावली तिच्यात बुडून दिसेनाशी झाली.

"इथे मस्त गार वाटतंय गं," तो खाली बघतच म्हणाला.

झालर पुढे आली. आणि मेघनाला दिसलं की ती पानं नव्हती. मान खाली घालून कोणी काही बघायला वाकलं की मोकळे केस चेहऱ्यावरून पुढे सरकतात. तसं ते सरकलं. झालरीच्या बाजूने एक लांब फांदी मातीवर उतरली. तिला टोकाशी बारीक फांद्या होत्या. त्या एकेक करून उघडल्या आणि सुमेधच्या मानेपाशी आल्या.

त्याने कुदळ थांबवली. मान चोळली.

"आई, वर काही आहे का गं?"

"वर बघू नकोस!"

ती अशी ओरडली की त्याच्या हातून कुदळ पडली. ती धावत गेली, त्याचं मनगट धरलं, उन्हात ओढलं. "जा. गाडीत बस. आत्ताच्या आत्ता."

"काय झालंय तुला?"

"मला झाड नको. मला कोणी नको इथे. जा म्हणते ना!"

"तूच बोलावलंस." त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला. "मी सुट्टी टाकून आलोय, आई. इतक्या महिन्यांनी."

"चुकलं माझं बोलावलं ते. तुझ्या घरी जा. खाली बघून चाल."

त्याने हातांची माती झटकली. मग पडवीतली बॅग उचलली. "कृतिका म्हणत होती, आईंना इकडे आणू या का," तो फाटकाशी म्हणाला. "ते विचारायला आलेलो. पण जाऊ दे."

मेघनाने फाटक लोटलं. बोलली असती तर तो थांबला असता.

८

गाडी सुरू झाली. मेघनाने मागे वळून पाहिलं. पडवी उन्हात होती. कोपरा उन्हात होता. अर्धवट खणलेला खड्डासुद्धा तळापर्यंत उजळला होता.

सावली फाटकातून बाहेर गेली होती. गाडीच्या टपावर होती आणि गाडीबरोबर सरकत होती. गल्लीतली घरं, स्कूटर, दोरीवरचे कपडे सगळे लखलखत होते, आणि त्यांच्यामधून सुमेधची गाडी तेवढी विझलेली जात होती.

मेघना कोपऱ्यात आली. चपला काढल्या, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि खड्ड्यात उभी राहिली. मग तिने वर्गातला आवाज काढला, शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो.

"इकडे! इकडे बघ. मी इथे आहे."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळत होती. तिच्या मागच्या काचेवर एकदम ऊन चमकलं, इतकं की डोळ्यांना सहन होईना. मग गाडी दिसेनाशी झाली.

मेघनाच्या खांद्यांना गार लागलं. पायाखालची माती काळी झाली. वारा नव्हता. कुठलाच आवाज नव्हता, गाड्यांचाही नाही. तिने मान वर केली.

डोळे दिपले नाहीत. भर दुपारी, डोक्यावर, सूर्य नव्हता. होतं ते फिकट होतं आणि खूप उंच होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी लांब, बारीक खाली लोंबत होतं. त्यातलं एक टोक तिच्या गालाला लागलं. ते मऊ होतं. तिने ते बाजूला सारलं नाही.

"मेघना," ती म्हणाली. "माझं नाव मेघना."

आणि नीट ऐकू यावं म्हणून माणूस जसा आणखी थोडा वाकतो, तसं ते वाकलं.